अमेरिकेच्या घटनेतलं धर्मस्वातंत्र्य ख्रिश्चनेतरांच्या वाट्याला किती येतं?

ओवी_ह्यूस्टन (धागाकर्ती)

शुगरलँडच्या श्री अष्टलक्ष्मी मंदिरातली हनुमानाची ९० फुटी मूर्ती इथल्या बऱ्याच जणांनी पाहिली असेल. ऑगस्ट २०२४ मध्ये तिची प्राणप्रतिष्ठा झाली. वर्षभरानं, सप्टेंबर २०२५ मध्ये, टेक्सासमधून सिनेटवर जाऊ पाहणाऱ्या एका रिपब्लिकन उमेदवारानं जाहीरपणे विचारलं, की खोट्या हिंदू देवाची खोटी मूर्ती आपण इथे का राहू देतोय, आपण ख्रिश्चन राष्ट्र आहोत.

त्या आठवड्यात आमच्या मंडळाच्या ग्रुपवर दोन प्रकारचे निरोप फिरत होते. "आपण इथे पाहुणे आहोत, जरा दमानं घ्या" हा एक. "घटनेत लिहिलंय, कोण काय वाकडं करणार" हा दुसरा. मला दोन्ही पटले नाहीत. नागरिकत्वाची शपथ घेतलेला माणूस पाहुणा कसा? आणि घटनेत लिहिलेलं आपोआप पदरात पडतं, असं तरी कुठे झालंय? म्हणून जरा मुळापासून वाचायला घेतलं. जे सापडलं ते मांडते, जाणकारांनी भर घालावी.

मूळ घटनेच्या सहाव्या कलमात म्हटलंय की केंद्र सरकारच्या कुठल्याही पदासाठी धर्माची अट घालता येणार नाही. १७९१ च्या पहिल्या दुरुस्तीतला धर्माचा भाग एका ओळीचा आहे: काँग्रेस (अमेरिकेची संसद) धर्म प्रस्थापित करणारा कायदा करणार नाही आणि धर्माचरणाला आडकाठी करणाराही करणार नाही. या दोन्ही ठिकाणी ना येशूचं नाव आहे, ना चर्चचं.

हे नजरचुकीनं राहून गेलं असं म्हणायची सोय नाही. व्हर्जिनियाच्या विधिमंडळात १७८६ साली धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला. मसुदा जेफरसनचा, तो तडीस नेला मॅडिसननं. त्या चर्चेत कुणीतरी सुचवलं की प्रस्तावनेत येशू ख्रिस्ताचं नाव घालावं. सूचना मोठ्या बहुमतानं पडली. जेफरसननं पुढे आत्मचरित्रात हा प्रसंग मुद्दाम नोंदवला आणि त्याचा अर्थही सांगितला: ज्यू, ख्रिश्चन, मुसलमान, हिंदू आणि कशावरही विश्वास नसलेले, या सगळ्यांना कायद्याच्या छायेत घ्यायचं होतं. हिंदू हा शब्द त्यानं स्वतः लिहिलाय. व्हर्जिनियात हिंदू शेजारी असण्याचा प्रश्नच नव्हता त्या काळात.

आता दुसरी बाजू. १८३३ मध्ये सुप्रीम कोर्टाचेच न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी घटनेवरच्या आपल्या भाष्यात लिहिलं, की इस्लामला, यहुदी धर्माला किंवा नास्तिकतेला उत्तेजन देणं हा दुरुस्तीचा हेतू नव्हता. ख्रिश्चन पंथांमधली आपापसातली चढाओढ थांबवणं हा हेतू होता. म्हणजे तो सिनेटवाला नवीन काही बोललेला नाही, जवळजवळ दोनशे वर्षांचा जुना दावा आहे हा.

मग कोर्टांनी कुणाचं ऐकलं? आणि तुमच्या गावात, नोकरीत, शाळेत काय अनुभव आहे?

---

सह्यकडा

चांगला धागा, पण जेफरसनचं इतकं कौतुक मला जमत नाही. तो हे लिहीत होता तेव्हा त्याच्या मळ्यावर शेकडो गुलाम होते. आफ्रिकेतून पकडून आणलेल्यांत मुसलमान बरेच होते. त्यातल्या उमर इब्न सैद नावाच्या माणसानं नॉर्थ कॅरोलायनात गुलामीत असताना १८३१ साली अरबीत आपली कहाणी लिहिली, ती आजही उपलब्ध आहे. शिकलेला, कुराण येणारा माणूस. पहिली दुरुस्ती होऊन ४० वर्षं उलटली होती. त्याच्या नमाजाचं संरक्षण कुणी केलं?

शिवाय ही दुरुस्ती सुरुवातीला फक्त काँग्रेसला बंधनकारक होती, राज्यांना नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये १८३३ पर्यंत सरकारमान्य चर्च होतं. मेरीलँडमध्ये ज्यू माणसाला सरकारी पद घ्यायला १८२६ उजाडलं. प्रतिज्ञेत "देवाच्या छत्राखाली" हे शब्द १९५४ मध्ये आले आणि डॉलरवरचं देवावरच्या भरवशाचं वाक्य १९५६ मध्ये राष्ट्राचं ब्रीद झालं.

आणि २००७? सिनेटमध्ये राजन झेद यांनी पहिल्यांदा हिंदू प्रार्थना म्हटली तेव्हा गॅलरीतून ओरडून ती थांबवायचा प्रयत्न झाला. हे सगळं बघून कागदावरच्या एका ओळीवर किती विसंबायचं?

---

ओवी_ह्यूस्टन

@सह्यकडा, उमर इब्न सैदचा मुद्दा बिनतोड आहे. त्याला उत्तर नाही आणि मी देऊही पाहणार नाही.

२००७ बद्दल मात्र पूर्ण घटना सांगा. ओरडणाऱ्या तिघांना पोलिसांनी बाहेर काढून अटक केली आणि प्रार्थना पुरी झाली. त्याआधी सप्टेंबर २००० मध्ये वाजपेयींच्या भाषणाच्या दिवशी प्रतिनिधिगृहात ओहायोच्या एका मंदिरातल्या पुजाऱ्यांनी प्रार्थना म्हटली होती. विरोध करणारे असणारच. सरकारी यंत्रणा कुणाच्या बाजूनं उभी राहते, ते मी बघते.

---

सदाशिव_मास्तर

मी साताऱ्याचा, इतिहासाचा निवृत्त शिक्षक. एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही म्हणून लिहितो.

धर्माचरणाच्या हक्काचा अमेरिकी सुप्रीम कोर्टातला पहिला मोठा खटला म्हणजे १८७९ चा रेनॉल्ड्स खटला. युटाचा मॉर्मन (ख्रिश्चनांमधला एक वेगळा पंथ) माणूस, दुसरं लग्न केलं म्हणून गुन्हा दाखल. त्याचं म्हणणं असं की माझ्या धर्मानं हे कर्तव्य सांगितलंय. कोर्टानं सांगितलं, की काय मानायचं यावर सरकारचा अधिकार नाही, काय करायचं यावर मात्र आहे. आणि हे पटवायला दाखला कुठला दिला? सतीचा! नवऱ्याच्या चितेवर जळून जाणं हे आपलं धर्मकर्तव्य आहे असं एखाद्या स्त्रीनं मनापासून मानलं, तर सरकारनं तिला थांबवू नये का, असा सवाल सरन्यायाधीश वेट यांनी निकालपत्रात केला.

म्हणजे अमेरिकेत हिंदू वस्ती व्हायच्या कितीतरी आधी हिंदू प्रथा तिथल्या घटनात्मक कायद्यात शिरली, आणि ती "याला संरक्षण नाही" याचं उदाहरण म्हणून. सतीबंदीला माझा शंभर टक्के पाठिंबा आहे, बेंटिंकचा १८२९ चा कायदा मी वर्गात अभिमानानं शिकवत असे. पण परक्या धर्माची ओळख आधी त्याच्या सगळ्यात वाईट प्रथेवरून होते, हे या निकालात स्वच्छ दिसतं. मुलांना अमेरिकेत शाळेत हिंदू धर्म शिकवतात तेव्हा पहिल्या पानावर काय असतं, ते तिथल्या पालकांनी सांगावं.

---

मृदुला_जर्सी

मास्तर, उत्तम मुद्दा. मी न्यू जर्सीत वकिली करते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

ओवी, तुमच्या "कोर्टांनी कुणाचं ऐकलं" या प्रश्नाचं सरळ उत्तर: कोर्टांनी जेफरसनचं ऐकलं. पण ते ऐकायला लावलं अशा लोकांनी, ज्यांना त्यांच्या गावात कुणी दारात उभं करत नव्हतं. १९४० च्या कँटवेल खटल्यात दुरुस्तीतलं धर्माचरणाचं कलम राज्यांनाही लागू झालं, ते यहोवाच्या साक्षीदारांमुळे. घरोघर पत्रकं वाटणारा पंथ. त्याच वर्षी त्यांच्याच मुलांना झेंड्याला वंदन करायची सक्ती कोर्टानं वैध ठरवली, देशभर त्यांच्यावर हल्ले झाले, आणि तीन वर्षांत, १९४३ मध्ये, कोर्टानं स्वतःचाच निकाल फिरवला. आपल्याकडे १९८५ मध्ये केरळातल्या त्याच पंथाच्या तीन भावंडांना राष्ट्रगीत न म्हटल्यावरून शाळेतून काढलं होतं, तेव्हा आपल्या सुप्रीम कोर्टानं १९८६ मध्ये मुलांच्या बाजूनं कौल दिला आणि अमेरिकेतल्या या वादाचाही विचार केला.

ख्रिश्चनेतरांचं म्हणाल तर १९९३ चा हायलीआचा निकाल प्रत्येकानं वाचावा. फ्लोरिडातलं गाव. क्युबातून आलेल्या सँतेरिया पंथाच्या लोकांनी तिथे देऊळ उघडायचं ठरवलं. त्यांच्यात कोंबड्या-बकऱ्यांचा बळी देतात. नगरपालिकेनं तातडीची सभा घेतली आणि एकामागून एक ठराव केले. शब्द असे बेतले की खाटकाला धक्का नाही, शिकाऱ्याला नाही, मासेमारीला नाही, ज्यूंच्या कोशर कत्तलीलाही नाही. सगळी चाळण लावून झाल्यावर खाली उरला फक्त सँतेरियाचा विधी. सुप्रीम कोर्टानं एकमतानं ते ठराव रद्द केले. मला बळी देणं मान्य नाही, मी शाकाहारी आहे, पण हा निकाल माझ्या देवघराचंही रक्षण करतो.

याच्या उलटा निकाल तीनच वर्षं आधीचा. स्मिथ, १९९०. ऑरेगनमधले दोघे जण मूळनिवासींच्या चर्चमध्ये पेयोट नावाचं, गुंगी आणणारं आणि कायद्यानं बंदी असलेलं निवडुंग प्रसाद म्हणून खात. नोकरी गेली, बेकारभत्ताही नाकारला. कोर्ट म्हणालं, कायदा सगळ्यांना सारखा असेल आणि कुठल्या धर्मावर नेम धरलेला नसेल, तर धर्माच्या नावानं सूट मागता येणार नाही. न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी हेही कबूल केलं की अशानं कमी लोक पाळतात त्या प्रथांचं तुलनेनं नुकसान होईल, पण लोकशाहीत ते टळत नाही. आता आठवा, १९२० मध्ये देशभर दारूबंदी आली तेव्हा चर्चमधल्या वाइनला कायद्यातच सूट होती. ज्यांच्या मागे मतं, त्यांची सूट कायदा करतानाच लिहिली जाते. बाकीच्यांनी कोर्टात जायचं, आणि स्मिथनं तेही दार अर्धं लावलं.

यावर ओरड झाली ती सगळ्या धर्मांकडून. १९९३ मध्ये काँग्रेसनं धर्मस्वातंत्र्य पुनःस्थापनेचा कायदा केला, सिनेटमध्ये ९७ विरुद्ध ३. पुढे १९९७ मध्ये कोर्टानं तो राज्यांना लागू होत नाही असं ठरवल्यावर २००० साली दुसरा कायदा आला, फक्त दोन गोष्टींपुरता: प्रार्थनास्थळांसाठीची जमीन आणि तुरुंगातले कैदी. आपल्या देवळांना रोजच्या व्यवहारात उपयोगी पडतो तो हा. घटनेपेक्षा जास्त पडतो.

माझ्याच राज्यातलं उदाहरण. बास्किंग रिज इथल्या मुस्लिम मंडळींनी २०१२ मध्ये मशिदीसाठी अर्ज केला. पुढची जवळपास चार वर्षं नियोजन मंडळापुढे ३९ सुनावण्या! कधी निचरा, कधी कुंपण, कधी अग्निशमन. शेवटी सगळं येऊन ठेपलं पार्किंगवर. चर्चला तीन माणसांमागे एक गाडी असा नियम, त्या हिशेबानं ५० जागा पुरल्या असत्या. मशिदीला सांगितल्या १०७. मग त्या जादा जागांसाठी निचऱ्याचा आराखडा बदला, आणि आराखडा बदलला म्हणून पुन्हा सुनावणी. ३१ डिसेंबर २०१६ ला फेडरल कोर्टानं हा भेदभाव आहे असा निकाल दिला आणि २०१७ मध्ये गावाला साडेबत्तीस लाख डॉलर मोजून तडजोड करावी लागली.

"तुमचा धर्म आम्हाला नको" असं त्या सुनावण्यांच्या कागदात कुणी लिहीत नाही. लिहितात ते रहदारी, पाणी आणि पार्किंग. ज्यांच्या गावात मंदिराचा अर्ज चालू आहे त्यांनी शेजारच्या चर्चला कुठला हिशेब लावला होता, ते कागद आधी काढून ठेवा.

---

रत्नांग्रीकर

+१. पार्किंगचा मुद्दा आमच्या गावी जसाच्या तसा चालू आहे. जुन्या चर्चचे कागद मागवतो.

---

सह्यकडा

मृदुलाताई, प्रतिसाद आवडला. पण दोन निकाल तुम्ही गाळलेत.

ट्रंप विरुद्ध हवाई, २०१८. प्रचारात मुसलमानांना देशबंदी करू असं उघड बोलून झालं, मग प्रवासबंदी आली, आणि कोर्टानं ५ विरुद्ध ४ नं ती चालवून घेतली. बोललेलं बाजूला ठेवून आदेशाचा मजकूर तेवढा बघितला.

दुसरा त्याहून बोचरा. फेब्रुवारी २०१९, अलाबामा. मुसलमान कैदी, मृत्युदंडाची शिक्षा झालेला. शेवटच्या क्षणी इमाम जवळ असू द्या एवढंच मागत होता. तुरुंगाचा ख्रिश्चन पाद्री आत जाऊ शकत होता, इमाम नाही. ५ विरुद्ध ४ नं त्याची मागणी फेटाळली, का तर उशिरा अर्ज केला. त्याच रात्री शिक्षा अमलात आली. मरणाऱ्या माणसाच्या बाबतीत सुद्धा जर ही तऱ्हा, तर मूर्ती आणि पार्किंग ठीकच आहे.

---

मृदुला_जर्सी

गाळले नव्हते, येणारच होते त्यांच्यावर. तो अलाबामाचा निकाल मला लाजिरवाणा वाटतो. न्यायमूर्ती केगन यांनी विरोधी मतात तो अत्यंत चुकीचा असल्याचं लिहिलं, आणि त्यावर सनातनी ख्रिश्चन संघटनांसकट सगळीकडून टीका झाली. पुढच्याच महिन्यात टेक्सासमधल्या बौद्ध कैद्यानं आपला भिक्खू जवळ हवा म्हणून मागणी केली, तेव्हा त्याच कोर्टानं शिक्षा थांबवली. पहिल्याला जे नाकारलं ते दुसऱ्याला महिन्यात मिळालं. पहिला परत येणार नाही, हे खरंच.

कैद्यांच्या बाबतीत आणखी एक सांगते. २०१५ मध्ये आर्कान्सातल्या मुसलमान कैद्याला अर्धा इंच दाढी ठेवू देण्याचा निकाल एकमतानं लागला. पण निकाल लागणं वेगळं आणि तो तुरुंगाच्या फाटकात पोचणं वेगळं. २०२० मध्ये लुइझियानात एका रास्ताफारी (जटा राखणं धर्माचा भाग मानणारा, मूळ जमैकातला पंथ) कैद्यानं, शिक्षेचे तीन आठवडे उरलेले असताना, जटा कापू नका म्हणून कोर्टाच्या निकालाची प्रत पहारेकऱ्याच्या हातात दिली. पहारेकऱ्यानं ती कचऱ्यात टाकली आणि त्याला खुर्चीला जखडून डोकं भादरलं. वीसेक वर्षं वाढवलेले केस. असा माणूस त्या अधिकाऱ्यांकडून भरपाई मागू शकतो का, हा प्रश्न पुढे सुप्रीम कोर्टापर्यंत गेला.

---

कोरेगावपार्क

पुण्याचा संदर्भ अजून कुणी काढला नाही म्हणून आश्चर्य वाटलं. रजनीशांचा आश्रम १९८१ मध्ये इथून हलला आणि ऑरेगनमध्ये जवळपास ६४ हजार एकरांच्या रँचवर गेला. १९८२ मध्ये त्यांनी तिथे रजनीशपुरम नावाचं रीतसर शहर नोंदवलं: महापौर, नगरपालिका, स्वतःचे पोलीस. राज्याच्या ॲटर्नी जनरलनं कोर्टात दावा लावला की सगळी जमीन एका धार्मिक संस्थेच्या ताब्यात, त्यामुळे इथे सरकार आणि धर्म एकच झालेत, अशा शहराला सरकारी अधिकार आणि पैसा देणं हे घटनाबाह्य आहे. फेडरल कोर्टानं ते मान्य केलं.

तिथे विषबाधेसारखे गंभीर गुन्हे घडले आणि त्याची शिक्षा व्हायलाच हवी होती. पण शहराच्या खटल्याचा मुद्दा गुन्ह्यांचा नव्हता. युटातली मॉर्मनबहुल गावं एका चर्चच्या शब्दावर चालतात असं तिथले लोकच सांगतात, त्यांच्यावर असा दावा झालेला मी ऐकला नाही. अल्पसंख्याकाचं गाव असलं की त्यात धर्म लगेच दिसतो.

---

मृदुला_जर्सी

फरक आहे. मॉर्मन गावात कुणीही घर विकत घेऊ शकतो. रजनीशपुरममध्ये एकूण एक जमीन संस्थेची होती आणि आत कोण राहणार ते संस्था ठरवत होती. मला तो निकाल योग्य वाटतो.

---

अनुराधा_अटलांटा

मी योग शिकवते, त्यामुळे मला या कायद्याची दुसरी धार रोज जाणवते. पहिल्या दुरुस्तीत दोन वाक्यांश आहेत. एक आपल्याला सांभाळतो, दुसरा आपल्यालाही लगाम घालतो. हे आपले लोक विसरतात.

१९७० च्या दशकात न्यू जर्सीच्या सरकारी शाळांमध्ये महर्षी महेश योगींचं भावातीत ध्यान ऐच्छिक विषय म्हणून शिकवत होते. मुलांना मंत्र मिळण्याआधी एक छोटा विधी असे. मुलांनी फुलं, फळं आणि पांढरा हातरुमाल घेऊन यायचं, गुरुदेवांच्या तसबिरीपुढे शिक्षक संस्कृतात पूजा म्हणणार. संस्थेचं म्हणणं, हा धर्म नाही, हे शास्त्र आहे. १९७९ मध्ये अपील कोर्टानं सांगितलं की हा धर्मच आहे आणि सरकारी शाळेत चालणार नाही. ती फळंफुलं आणि तसबीर बघून आपल्यापैकी कुणी तरी प्रामाणिकपणे म्हणेल का, की ही पूजा नव्हती? मला तो निकाल पटतो. उद्या शाळेत बायबलचा तास सक्तीचा होऊ नये असं मला वाटतं, तर माझी पूजाही तिथे नको.

पण अलाबामाचं काय? १९९३ मध्ये राज्याच्या शिक्षण मंडळानं शाळांत योगावर सरसकट बंदी घातली. २०२१ मध्ये बंदी उठवली ती अशी: आसनं चालतील पण नावं इंग्रजीतच, मंत्र नको, मुद्रा नको, आणि नमस्ते म्हणायचं नाही. नमस्ते! कॅलिफोर्नियात एन्सिनिटासच्या शाळांमधल्या योगाविरुद्ध पालक कोर्टात गेले तेव्हा २०१५ मध्ये अपील कोर्टानं नीट बघून सांगितलं की तिथला योग धार्मिक नाही. ते काम विचारपूर्वक झालं होतं. अलाबामात मात्र नमस्कारालाच धर्मप्रसार ठरवलं.

---

ओवी_ह्यूस्टन

अनुराधाताई, अगदी. आणि लुइझियानानं २०२४ मध्ये सरकारी शाळांच्या प्रत्येक वर्गात बायबलमधल्या दहा आज्ञांचा फलक लावायचा कायदा केला, पाठोपाठ टेक्सासनंही. १९८० मध्ये केंटकीचा असाच कायदा सुप्रीम कोर्टानं रद्द केला होता. टेक्सासच्या कायद्याविरुद्ध जी कुटुंबं कोर्टात गेली त्यांत ज्यू आहेत, ख्रिश्चन आहेत, कुठलाच धर्म न मानणारे आहेत आणि हिंदूही आहेत. "दमानं घ्या" म्हणणाऱ्यांनी ही नावांची यादी वाचावी असं मला फार वाटतं.

---

सोनोरा

मी फिनिक्सला राहतो. वरची सगळी चर्चा वाचली. मला वाटतं खरा प्रश्न अजून आलाच नाही.

आतापर्यंतच्या ज्या उदाहरणांत शेवटी न्याय मिळाला त्यांत धर्म कोर्टाच्या ओळखीच्या रूपात समोर आला: इमारत, पुजारी, दाढी, प्रार्थना. ज्यांचा देव जमिनीतच आहे त्यांचं काय?

फिनिक्सच्या पूर्वेला, तासा-दीड तासावर, सुपीरियर गावाजवळ ओक फ्लॅट नावाचं पठार आहे. ओकची झाडं, मोठमोठे खडक, उन्हाळ्यातही जरा गार. अपाची या मूळनिवासी लोकांसाठी ही पूजेची जागा. मुलगी वयात आली की चार दिवसांचा सूर्योदय विधी करतात, तो इथे होतो. पठाराखाली तांबं आहे, प्रचंड. २०१४ च्या डिसेंबरात संरक्षण खर्चाच्या विधेयकात एक कलम घुसवून ही सरकारी जमीन रिओ टिंटो आणि बीएचपी यांच्या कंपनीला अदलाबदलीत द्यायचं ठरलं. खाणकामाची पद्धत अशी की खालून पोखरत जायचं आणि वरची जमीन आपोआप खचू द्यायची. शेवटी उरणार जवळपास दोन मैल रुंद, हजार फूट खोल खड्डा. तिथे पुन्हा कुठलाही विधी कधीच होणार नाही.

अपाची मंडळी कोर्टात गेली. मृदुलाताईंनी सांगितलेला १९९३ चा कायदा त्यांनी पुढे केला. मार्च २०२४ मध्ये नवव्या सर्किटच्या फेडरल अपील कोर्टानं ६ विरुद्ध ५ नं त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. आधार सुप्रीम कोर्टाचा १९८८ चा 'लिंग' (Lyng) खटल्यातला निकाल. त्यात उत्तर कॅलिफोर्नियातल्या युरोक, कारुक आणि टोलोवा लोकांच्या पवित्र डोंगरातून जंगल खात्याला रस्ता काढायचा होता. कोर्टानं मान्य केलं की यामुळे त्यांचं धर्माचरण उद्ध्वस्त होऊ शकतं, तरीही म्हटलं की सरकार कुणावर श्रद्धेविरुद्ध वागायची सक्ती करत नाहीये, स्वतःच्या जमिनीचं काय करायचं ते ठरवतंय. स्वतःच्या! ती जमीन सरकारची झाली कशी, हा प्रश्न निकालात कुठे येत नाही.

२७ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं ओक फ्लॅटचं प्रकरण ऐकायलाच नकार दिला. न्यायमूर्ती गोर्सच यांनी विरोधात लिहिलं, थॉमस त्यांच्या बाजूनं. त्यांचं म्हणणं एवढंच, की सरकार एखादं ऐतिहासिक कॅथेड्रल पाडायला निघालं असतं तर हे कोर्ट असं गप्प बसलं असतं का?

भारतातलं एक उदाहरण द्यायला हवं. ओडिशातल्या नियमगिरीवर बॉक्साइटची खाण होणार होती. डोंगरिया कोंधांचा देव नियमराजा त्या डोंगरावर. २०१३ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं, त्यांच्या धार्मिक हक्काला बाधा येते का ते ग्रामसभांनाच ठरवू द्या. बाराच्या बारा ग्रामसभांनी खाण नाकारली. भारतात सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही, वनहक्काची गत आपण जाणतोच. पण डोंगर हाच देव असू शकतो हे एका कोर्टाला समजलं आणि दुसऱ्याला, दोनशे वर्षांचा धर्मस्वातंत्र्याचा वारसा असून, समजलं नाही.

आपल्या मूर्तीवर कुणी बोललं की आपण खवळतो, बरोबरच आहे. पण अपाचींसाठी आपल्या मंदिरांपैकी किती जणांनी पत्र लिहिलं? शीख, मुसलमान, मॉर्मन, ख्रिश्चन अशा वेगवेगळ्या संघटना त्यांच्या बाजूनं कोर्टात उभ्या राहिल्या होत्या.

---

सह्यकडा

हा प्रतिसाद दोनदा वाचला. मला जे म्हणायचं होतं ते तुम्ही माझ्याहून नेमकं मांडलंत.

---

ओवी_ह्यूस्टन

@सोनोरा, पुढच्या कार्यकारिणीत हा विषय मांडते. मंडळाच्या नावानं पत्र जाईल की नाही सांगता येत नाही, माझ्या नावानं नक्की जाईल. ओक फ्लॅटबद्दलची कागदपत्रं पाठवाल का?

स्टोरी यांचं म्हणणं कायद्यात हरलं, याबद्दल आता मला शंका नाही. पण न्यायाधीशाच्या नजरेत ते कुठेतरी टिकून आहे. धर्म म्हणजे देऊळ, ग्रंथ आणि पुरोहित, हीच चौकट. आपलं देऊळ आणि आपले गुरुजी त्या चौकटीत बसतात म्हणून आपलं बरंच निभावतं.

---

मुग्धा_आरएन

वाचनमात्र होते, पण एक विचारायचं आहे. मी नर्स आहे. मंगळसूत्र काढून ये असं आमच्या सुपरवायझरनं सांगितलं. इतर जणींच्या गळ्यात क्रॉस होते. मी बोलले तेव्हा ते कपड्यांच्या आत, पिनेनं नीट बसवून घालायला परवानगी मिळाली. पण पहिली दुरुस्ती दाखवली तर एचआर म्हणालं ती आम्हाला लागू नाही. खरं का?

---

मृदुला_जर्सी

मुग्धा, रुग्णालय खाजगी असेल तर खरं आहे. घटना सरकारला बांधते, खाजगी मालकाला नाही. तिथे १९६४ चा नागरी हक्क कायदा लागतो. २०१५ मध्ये हिजाब घालणाऱ्या मुलीला नोकरी नाकारणाऱ्या कपड्यांच्या कंपनीविरुद्ध ८ विरुद्ध १ असा निकाल त्याच कायद्याखाली लागला. आणि २०२३ च्या ग्रॉफ निकालानंतर मालकाला "थोडी गैरसोय होते" एवढं म्हणून सूट नाकारता येत नाही, धंद्यावर खरा मोठा बोजा पडतो हे दाखवावं लागतं. तो खटला रविवारी काम करायला नकार देणाऱ्या ख्रिश्चन पोस्टमननं लढला, पण दिवाळीची सुट्टी मागताना तोच निकाल तुमच्या कामी येईल. शस्त्रक्रियागृहात जंतुसंसर्गाचं कारण मात्र टिकेल, तिथे क्रॉसही निघायला हवेत. सवलत तोंडी मिळाली असेल तर ईमेलवर लिहून घ्या.

---

टेक्सासची_सून

माझंही एक. आम्ही डॅलसजवळ राहतो. दारावरचं तोरण आणि शुभ-लाभ काढा, असं सोसायटीचं पत्र आलंय. म्हणे बाहेरच्या सजावटीचे नियम आहेत. नाताळची फुलांची रिंग सगळ्यांच्या दारावर महिनाभर असते.

---

मृदुला_जर्सी

मी टेक्सासची वकील नाही, पण तिथला कायदा माहीत आहे. शिकागोच्या एका इमारतीत ज्यू कुटुंबाच्या दाराच्या चौकटीवरचा मेझुझा (धर्मवचनं ठेवलेली छोटी डबी) व्यवस्थापन पुन्हा पुन्हा काढून टाकत होतं म्हणून झालेला मोठा खटला २००९ मध्ये गाजला होता. मेझुझावरून असेच वाद टेक्सासातही झाले आणि २०११ मध्ये तिथे कायदा झाला, की श्रद्धेपोटी दारावर लावलेल्या छोट्या वस्तूला सोसायटी मनाई करू शकत नाही. २०२१ मध्ये तो वाढवून दारापुरता न ठेवता घराच्या आवारापर्यंत नेला. टेक्सास प्रॉपर्टी कोड, कलम २०२.०१८.

पत्राला फोनवर उत्तर देऊ नका. लेखी कळवा की तोरण आणि शुभ-लाभ श्रद्धेपोटी लावले आहेत, कलमाचा क्रमांक घाला, आणि नेमक्या कुठल्या नियमाखाली आक्षेप आहे ते लेखी मागा. दाराचा फोटो आणि शेजारच्या दारांवरच्या सजावटीचे फोटो तारखेसकट ठेवा. दंड लावला तर मला संदेश करा, डॅलसच्या वकिलांची नावं देते.

---

टेक्सासची_सून

आभार, ताई. आज रात्रीच पत्र लिहिते. तोरण तिथेच आहे.